पाटाच्या उतारावरची आगगाडी

नात समृद्धीसाठी बोरीच्या भिमाजीआबांनी दोन दिवस खपून प्लायवुडच्या फळीवर खेळण्यातल्या आगगाडीचे गोल रूळ ठोकले. पण गाडी अर्धी फेरी सुसाट जाई आणि उरलेल्या अर्धीत नुसती घरघरत उभी राही. आबांनी तीनदा सेल बदलले, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "समदा चायना माल! उकिरड्यावर फेकतो!"

त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, वाकून पाहिलं. फळीच्या एका बाजूखाली आबांनीच पाचर सारली होती. जन्मभर कांद्याला पाणी भरणारा माणूस, उतार दिल्याशिवाय राहतोय व्हय?

"आवं, ह्यो काय पाट हाय?" त्या म्हणाल्या. "पाणी गेलं ते गेलं. गाडीला माघारी यायचं असतं."

आबांनी चडफडत पाचर उपसली आणि उद्या पुण्याला निघालेल्या नातीवर डाफरले, "ऐकलंस का गं?"