फोनमधला ठाणेदार

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी दंगल पाहिली, विहिरीतून प्रेतं काढली, एकदा माझ्यावर उगारलेली कुऱ्हाडही पाहिली. त्यातलं बरंच आता पुसट झालं. एक हिवाळ्यातली सकाळ मात्र पुसली जात नाही. त्या सकाळी एक बाई भीतीने थरथरत होती, आणि तिला घाबरवायला तिथे माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हा मी दारव्हा तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या म्हणून आम्ही एक पत्रक छापलं. अनोळखी फाइल उघडू नका, ओटीपी देऊ नका, फसलात तर लगेच ठाण्यात या. "साहेब, तुमचा फोटो टाका वरती. लोकं भरवसा ठेवतीन," आमचे जमादार म्हणाले. मी गणवेशातला फोटो दिला आणि बोरी अरबच्या बाजारात उभं राहून पत्रकं वाटली. कोणीतरी त्याचा फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकला. मला बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी, एका बुधवारी, सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचा फोन आला. जमादारांनी ऐकता ऐकता रिसीव्हर हाताने झाकला.

"साहेब, तुमचा हप्ता आला म्हन्ते."

"काय?"

"एक बाई पैसे पाठवाले आल्ती. कोनाले पाठवायचे म्हटलं, तर म्हन्ते ठानेदार साहेबाले. मोबाइलवर तुमचाच फोटो दाखवला तिनं."

दोन शिपाई हसले. मी हसलो नाही. खरं सांगतो, पहिली भीती मला स्वतःचीच वाटली. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि एक बाई माझ्या नावाने पैसे भरत फिरत होती. ताई हुशार निघाल्या. सर्व्हर डाऊन आहे, दुपारी या, असं सांगून त्यांनी बाईला परत पाठवलं होतं. बाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणत. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई.

मी जीप काढली, जमादारांना घेतलं आणि गणवेशातच निघालो. ती माझी चूक होती.

घरापुढे कापसाचा ढीग होता. याडी त्यातला काडीकचरा काढत बसली होती. जीप थांबली, मी उतरलो, आणि तिच्या हातातला कापूस खाली पडला. ती ओरडली नाही, पळाली नाही. उठली, अंगणातली बाज झटकली, मला बसायला खूण केली आणि स्वतः जमिनीवर बसली. मग पदराची गाठ सोडून तिने नोटांची घडी माझ्या पायाजवळ ठेवली.

"आठ हजार हायेत, साहेब. सेंटरवर मशीन बंद होती. तुमी स्वतः काहून आले? मी पाठोतच होती. पन माह्या पोरीले काई करू नका."

पंचनामे करून निबर झालेला माणूस मी. पण त्या नोटांना हात लावायचं मला धैर्य झालं नाही.

"मावशी, हे पैसे कशाचे?"

तिने घडी आणखी पुढे सरकवली.

"मी कधी मागितले तुमच्याकडे?"

ती मान खाली घालून बसली. मी आवाज चढवला असता तर ती लगेच बोलली असती, आणि मला हवं ते बोलली असती. घाबरलेला माणूस खरं सांगत नाही, सुटका होईल ते सांगतो. म्हणून मी टोपी काढून बाजेवर ठेवली.

तेवढ्यात तिची मुलगी रस्त्यावरून धावण्याचा सराव करून आली. आईपुढे पोलीस पाहून ती जागीच थांबली. "याडी, काई वेगो?" काय झालं, एवढंच तिने विचारलं. आई रडायला लागली, आणि रडता रडता सगळं बाहेर आलं.

सोमवारी संध्याकाळी तिच्या मोबाइलवर पीक विम्याच्या नावाने एक फाइल आली. तिने ती उघडली. कापूस विकून खात्यात ठेवलेले एक लाख वीस हजार गेले. मंगळवारी सकाळी फोन आला. स्क्रीनवर माझा फोटो. पैसे परत मिळवून देतो, फाइल चालवायचा खर्च द्यावा लागेल. घरातल्या रोख पैशांतून तिने पाच हजार पाठवले, मग बारा हजार. आणि साहेब इतके चांगले म्हणून तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "माह्यी पोरगी बी पोलिसात लागून राह्यली. मैदानी झाली, लेखी झाली. आता तुमच्याकडून कागद जायचा रायला."

तो कागद म्हणजे चारित्र्य पडताळणी. ठाण्याच्या अहवालाशिवाय नेमणूक मिळत नाही. आईने चोराच्या हातात नेमकी तीच दोरी दिली. त्या क्षणापासून त्याचा आवाज बदलला. तुझ्या खात्यातून गुन्हा झालाय, आणखी आठ हजार पाठव. कोणाला बोललीस तर मुलीचा अहवाल वाईट जाईल. सगळे मेसेज पुसून टाक. तिने पुसले. दोन दिवस ती जेवली नव्हती आणि मुलीला वाटत होतं आईला ताप आहे.

"मले कायले नाई सांगतलं?" मुलगी म्हणाली.

"तुही नोकरी गेली असती ना, बाई!"

मी विचारलं, "मावशी, सोमवारी पैसे गेले हे तुम्ही कोणाकोणाला सांगितलं?"

"कोनालेच नाई."

"मग मंगळवारी सकाळी त्याला कसं कळलं?"

तिला प्रश्न समजला होता. पण भीती इतक्यात हटत नाही. तिच्या लेखी मी अजूनही तोच होतो.

आणि फोन वाजला.

स्क्रीनवर मी होतो. पत्रकातला, गणवेशातला, छाती फुगवलेला मी. इतक्या वर्षांत अनेक गुन्हेगारांचे चेहरे पाहिले, त्यांत माझा कधी नव्हता. मी दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले, तिला दिसतील असे. मुलीने स्पीकर लावून फोन आईपुढे धरला.

"पैसे का नाही आले अजून?" आवाज दरडावणीचा, हिंदी वळणाचा. "मुलीचा कागद माझ्यासमोर आहे. मारू का लाल शेरा?"

याडीने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या उघड्या हातांकडे.

"साहेब, तुमी आता कुठी हाय?"

"कुठे म्हणजे? ठाण्यात, माझ्या खुर्चीवर."

"मंग माह्या बाजेवर कोन बसून राह्यलं रे, भाड्या?"

फोन कट झाला. जमादारांच्या तोंडून निघालं, "शाब्बास, याडी!" ती हसली नाही. तिने नोटांची घडी उचलून पुन्हा पदराला बांधली.

तिथूनच आम्ही सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मेसेज पुसले होते, पण बँकेच्या नोंदीत प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक होता आणि तेवढा पुरला. पैसे तीन खात्यांतून पुढे पळाले होते. शेवटच्या खात्यात एक्याण्णव हजार सापडले, ते बँकेने रोखले. ठाण्यात फिर्याद घेतली, गुन्हा दाखल झाला. मग न्यायालयात अर्ज, आदेश, आणि काही आठवड्यांनी रक्कम तिच्या खात्यात. बाकीचे गेले ते गेले. शेवटचं खातं भाड्याने देणारा परराज्यातला एक कॉलेजचा मुलगा सापडला. फोनवरचा माणूस माझ्या कारकिर्दीत सापडला नाही.

लोकांना मी सांगतो, पैसे परत मिळवण्याचा सरळ रस्ता एकच आहे. तासाभरात तक्रार करा, बँकेला कळवा, फोनमधलं काही पुसू नका. या कामाला फी नाही. गेलेले पैसे आणून देतो म्हणून जो पैसे मागतो तो चोर आहे, त्याने कोणाचाही चेहरा लावलेला असो.

पण या प्रकरणाने शिकवलं ते वेगळंच. चोराने माझा फक्त फोटो चोरला. भीती त्याला तयार मिळाली. ठाणेदार पैसे मागतो, ठाणेदार सूड घेतो, ठाणेदार पोरीचं आयुष्य नासवू शकतो, यातलं काहीही त्या बाईला खोटं वाटलं नाही. हे तिचं अडाणीपण नव्हे. आम्ही खाकीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या तांड्यावर जाऊन तिला हेच शिकवलं आहे. चोराला आयती मशागत केलेली जमीन मिळाली. या गुन्ह्यात आमच्या खात्याचाही वाटा आहे, आणि तो कोणत्याही आरोपपत्रात लिहिला जात नाही.

जबाब द्यायला याडी ठाण्यात आली तेव्हा मी तिला खुर्ची दिली. ती खाली फरशीवर बसली. तिच्या अंगणात मी बाजेवर बसलो होतो, माझ्या ठाण्यात ती खुर्चीला शिवेना. मुलीने दंडाला धरून उठवलं, "बस ना याडी," तेव्हा ती अगदी कडेला टेकली. तेवढीच. पडताळणीचा अहवाल मी तिच्या देखत लिहिला आणि वाचून दाखवला: मुलीविरुद्ध काहीही नोंद नाही.

ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "साहेब, याचे किती द्या लागते?"