तासिकेवरचा डॉक्टर

इतकी वर्षं आमच्या विभागात शिकवूनही डॉक्टरची म्हणावी अशी एकही वस्तू तिथे नव्हती. कप नाही, छत्री नाही, खुर्चीच्या पाठीवर विसरलेला रुमाल नाही. सगळं खांद्यावरच्या काळ्या सॅकमध्ये. मी एकदा कपाटातला कप्पा रिकामा करून दिला, तर म्हणाला, "राहू द्या सर. टेंपररी माणसाने पसारा करू नये. उद्या आवरायला दुसऱ्याला लावावं लागतं." तो हसत होता, म्हणून मीही हसलो.

परळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख. माझी नोकरी कायम. तो तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवील तेवढ्यापुरताच कॉलेजचा. मार्चअखेर त्याची नेमणूक संपायची आणि जुलैत त्याच कामासाठी त्याची पुन्हा मुलाखत व्हायची. घेणारा मीच. वर्षभर ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याला मी पॅनेलसमोर विचारायचो, "स्वतःबद्दल थोडं सांगा." एका वर्षी तो म्हणाला, "मागच्या जुलैत सांगितलं ते सगळं तसंच आहे, सर. फक्त केस कमी झालेत." बाहेरून आलेले तज्ज्ञ खो खो हसले. त्याच्या बोटाभोवती इस्त्रीच्या शर्टाचं टोक गुंडाळलेलं होतं, ते टेबलाच्या माझ्या बाजूने दिसत होतं.

डॉक्टर हे नाव त्याच्या लालबागच्या चाळीने ठेवलेलं. पीएच.डी. झाल्यावर मजल्यावर पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन दारात. तोही ते वाचून, "खाली दवाखान्यात दाखवा" असं गंभीरपणे सांगायचा. त्याची आई मला म्हणाली होती, "झील डाक्टर झालो खरो, पण कसलो डाक्टर ता माका सांगूक येणा नाय."

डॉक्टर होता चिखलातल्या किड्यांचा. शिवडीच्या खाडीवर लोक फ्लेमिंगो बघायला दुर्बिणी घेऊन यायचे, हा गुडघाभर चिखलात उतरून चाळणी हलवत बसायचा. "सगळे वर बघतात," तो पोरांना सांगायचा, "खाली कोण जगतंय म्हणून वर गुलाबी दिसतंय, ते कुणी विचारत नाही." त्याच्या खिशात भरती-ओहोटीचं वेळापत्रक असायचं. मी गिरगावात राहतो. चौपाटीवर ओहोटीला वाळूवर शेवयांसारखी बारीक वेटोळी दिसतात. पन्नाशीपर्यंत मी ती तुडवत गेलो होतो. त्याने सांगितलं, प्रत्येक वेटोळ्याखाली एक जीव असतो. आता मला तिथे धड चालता येत नाही. पाय उचलावा आणि कुठे ठेवावा, कळत नाही.

आता जे सांगायचं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत खाडीच्या चिखलावर काम निघालं. तीन वर्षांची फेलोशिप, पुढे कायम होण्याची शक्यता. अट अशी की पीएच.डी. होऊन ठराविक वर्षांच्या आत असावं. त्याला ती शेवटची संधी होती. दोन शिफारसपत्रं हवी होती. एक त्याच्या गाइडबाईंनी लगेच दिलं, दुसरं माझं. संस्थेकडून मला ईमेलवर लिंक आली. मी पत्र लिहिलं. मनापासून लिहिलं, दोन पानं. पण पाठवलं नाही.

त्याच सत्रात कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती, आणि निवड झाली की त्याला लगेच निघावं लागलं असतं. विभागाच्या फायली, तक्ते, दहा वर्षांची कागदपत्रं, सगळं डॉक्टर एकटा लावत होता. त्यातलं मला काही येत नव्हतं. तो गेला असता तर समितीसमोर मी उघडा पडलो असतो. मी मनाला सांगितलं, उद्या पाठवू. त्याने दोनदा दारातूनच विचारलं, "सर, आठवण करतोय, राग मानू नका हं." मी म्हटलं, "करतो रे." मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. मी वर न बघता म्हणालो, "पाठवलं रे कालच." त्याने खांद्यावरची सॅक सारखी केली. मग म्हणाला, "त्रास दिला, सर." आणि जाऊन फायली लावायला बसला. समिती खूश झाली. माझा सत्कार झाला. शाल पांघरली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

त्या जुलैत मुलाखतीला त्याचं नाव पुकारलं, आणि कुणी आत आलं नाही. शिपाई दोनदा व्हरांड्यात जाऊन आला. दादरच्या एका क्लासमध्ये तो मेडिकल प्रवेशाची तयारी करून घेतो, असं नंतर कळलं.

यंदा एका विद्यार्थिनीला परदेशी अर्जासाठी माझं पत्र हवं होतं. मी ते पाठवलं आणि ती धावत आली. "सर, मिळालं! हे बघा, माझ्या पेजवर तुमच्या नावापुढे हिरवी खूण आली." मी विचारलं, "अर्ज करणाऱ्याला हे दिसतं?" ती म्हणाली, "सगळीकडेच दिसतं, सर. नाही आलं तर तेही दिसतं."

म्हणजे मी "पाठवलं" म्हणालो तेव्हा त्याला माहीत होतं.

मी दादरला गेलो. दोन बॅचेसच्या मध्ये तो जिन्यात भेटला. "अरे सर! तुम्ही इकडे कुठे?" त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. मी म्हणालो, "डॉक्टर, ते पत्र..."

"माहीत आहे, सर."

"मग विचारलं का नाहीस? दोन शिव्या तरी घालायच्यास."

तो साधेपणाने म्हणाला, "तेव्हा जुलैत यायचं होतं, सर. मुलाखत तुम्हीच घेणार होता ना."

 मी म्हटलं, आता देतो, कुठेही देतो. "आता वर्षं उलटून गेली, सर. त्या फेलोशिपा आता मला बंद." मग त्याने विचारलं, "काय लिहिलं होतंत हो?"

मला ते पाठ होतं. जिन्यातच सांगितलं. नऊ वर्षं या माणसाने आमचा विभाग चालवला, याच्याइतका चांगला शिक्षक आणि याच्याइतका धीराचा संशोधक मी पाहिला नाही, सगळं. वर्गातल्या पोराचं उत्तर ऐकावं तसा तो मान किंचित कलती करून ऐकत होता.

"छान लिहिलंत," तो म्हणाला. "फक्त एक चूक आहे. नऊ नाही, आठ. पहिल्या वर्षी मी कुणाच्या तरी रजेच्या जागी होतो. ते धरत नाहीत."

वर बॅच भरली होती, तो गेला. त्या दिवशी घरी येऊन मी ते पत्र उघडलं. नऊचे आठ केले. छापून खाली सही केली. तारीख घालायला हात गेला नाही.