पाणी तोडा

बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि घरातल्या अकरा कुंड्या माझ्यावर सोपवून गेली. मी प्रेमाने दोन्ही वेळा पाणी घातलं. महिन्याभरात मातीतून बारीक काळी चिलटं उठू लागली, पानं पिवळी पडली. ती परतायला तीनच आठवडे उरले होते.

मी मलकापुरातलं नेहमीचं कृषी केंद्र गाठलं. तिथला माणूस गाऱ्हाणं ऐकत नाही, आधी हात पुढे करतो. कपाशीवाले त्या तळव्यावर बोंड ठेवतात. तो ते नखाने फोडतो, बीटीलाही न जुमानणारी गुलाबी अळी दाखवतो आणि मगच बोलतो. मी पुडीतली माती ठेवली. त्याने मूठ आवळली, तर बोटांतून पाणी गळलं.

"गुर्जी, घरात चिखल करून धान लावून राह्यले का?"

मी ओशाळून फळीवरची जालीम औषधाची बाटलीच उचलली. त्याने ती माझ्या हातातून काढून परत ठेवली. गिऱ्हाईक घालवायची त्याची ही जुनी खोड.

"हे वावरातलं जहर हाय. तुमी त्या घरात जेवता, झोपता. पाणी तोडा. माती वरून करकरीत वाळू द्या."

सोबत कपाशीतल्या पांढऱ्या माशीसाठीचे पिवळे चिकट कागद दिले. ते मी कुंड्यांत खोचले.

तिसऱ्या आठवड्यात कागद काळे झाले होते आणि घरात एकही चिलट उडत नव्हतं. मनीप्लँटला तर नवं पान फुटलं. स्टेशनवरून घरी येईपर्यंत मी बायकोला सगळी लढाई ऐकवली.

कुंड्या निरखून ती म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे काहीच कराचं नव्हतं. त्यात तुमचा हात कोण धरते?"