भेसळ काढणारी व्हर्ला

व्हर्ला टोबेन आमची बांधाची शेजारीण. इलिनॉयच्या काळ्या रानात, बियाणं कंपनीच्या मक्यात भेसळीची झाडं उपटण्यात तिची उमर गेली. खुजं, किडमिडं झाड दिसलं की ते मुळासकट बाहेर. माणसांकडंही ती तशीच बघायची. चर्चमध्ये नवा पाद्री आला, तर पहिल्या रविवारी हिनं त्याचे बूट न्याहाळले, उपदेश नंतर ऐकला.

तिचा भाचा लायल बियाणं विकायचा. एका वसंतात तो दारात आला.

"मावशी, औंदा तेलाचा मका लाव. दाण्यात जवळजवळ दुप्पट तेल. डुकरं कशी भराभर अंग धरत्याल बघ."

"आन् एकरी उतारा?"

"जरा घटतो. तेल वाढलं की थोडा कमीच येतोय."

"म्हंजे एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं!"

"ऐक तरी. पोत्यात थोडं दुसरं बी मिसळलेलं असतंय. ती झाडं बारकी ऱ्हातील, त्यांना हात लावू नगंस. बाकीच्यांचा तुरा वांझ हाय, त्यात परागच न्हाई. समद्या कणसांचा बाप म्हंजे ती बारकी झाडंच, आन् तेलबी त्यांच्याकडनंच येतंय."

"भेसळ हाय, पर बघू नगंस म्हणतोस! तुझ्या बापानं असंच गोड बोलून मला लंगडी डुकरीण विकली व्हती."

तरी तिनं गोठ्यामागचा तुकडा पेरला. हिवाळाभर तिची डुकरं त्याच मक्यावर जगायची होती.

जुलैत तुरे फुटायच्या आधी ती कोयता घेऊन सऱ्यांत शिरली. मी कुंपणावरनं हटकलं, "व्हर्लाबाई, लायल काय म्हणाला व्हता?"

"लायल इकणारा हाय. ही बारकी ऐतखाऊ झाडं खत खात्यात, म्हणून उतारा घटतोय. सरळ हाय की!"

एकही बारकं झाड तिनं ठेवलं नाही.

शरदात लायलनं एक कणीस सोललं. बोळक्या तोंडासारखं, दाणा नाही. दुसरं सोललं, तेही तसंच.

"मावशी, बाप कुठं गेला?"

व्हर्ला कुंपणाकडच्या सरीत शिरली. माझ्या कुंपणालगतची कणसं तेवढी भरली होती, वाऱ्यावर उडून आलेल्या माझ्या साध्या मक्याच्या परागानं. त्यातलं तेल तिनं तपासून आणलं. साध्या मक्याइतकंच निघालं. तशीच तरातरा माझ्या दारात आली.

"तुझ्या मक्यानं माझं तेल खाल्लं!"

त्या हिवाळ्यात तिनं डुकरांना माझाच मका विकत घेऊन घातला. नेताना मात्र प्रत्येक पोत्यात तिनं कोपरापर्यंत हात घालून बघितला.