राणी कुणाच्या हातून जेवली

कॉलेज सोडून पाठीवर बॅग टाकली, तेव्हापासून वाटेत जिथं प्राण्यांचं शेल्टर दिसंल तिथं राहतो. शेण काढायचं, जेवायचं, पुढं निघायचं. अशा ठिकाणी किस्से गोचिडांसारखे चिकटतात. एक उपटावा तर दुसरा हाताला लागतो. फुलंब्री रोडवरच्या शेल्टरमधले मात्र अजून निघत नाहीत.

*

तिथं आंधळ्या कुत्र्यांच्या जाळीत जायचं तर पायात घुंगरू बांधायचं. शेल्टर चालवणाऱ्या शमीम आपाचा नियम. आवाज आला की कुत्री बिचकत नाहीत. पहिल्या दिवशी मी विसरलो. सगळी कुत्री माझ्याकडं तोंड करून गप्प उभी राहिली. आपा म्हणाली, "बाहेर ये. त्यांच्या लेखी तू अजून आलाच नाय."

*

एका सकाळी फुलंब्रीचे रिटायर्ड मास्तर रिक्षातून राणीला घेऊन आले. म्हातारी कुत्री, दोन्ही डोळे गेलेले. त्यांच्या बायकोची लाडकी, तिच्याच हातून जेवणारी. बायको नुकतीच वारलेली. म्हणाले, मला केसांची ॲलर्जी आहे. बायको होती तोवर नव्हती वाटतं! जन्मभर पोरांना भूतदया शिकवली आणि दोरी माझ्या हातात देऊन मागं न बघता गेले. आणि वाया गेलेला कोण, तर मी!

*

राणी जेवेना. दूध नाही, अंडं नाही, आपाचा खिमासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, सलाईनवर फार काळ निघणार नाही. दुपारी चहाच्या वेळी मात्र ती उठायची, भिंतीसमोर बसायची आणि कुणी थोपटावं तशी मान पुढं करायची. बाकीची कुत्री तेवढी जागा सोडून झोपायची. मी तिथं जाऊन बसलो, तर गुरगुरली.

*

शेवटी मीच फोन लावला. "मास्तर, येऊन एक घास भरवा. नायतर ती तुमच्या नावानं मरंल."

आपानं विचारलं, मोठ्यांशी असं बोलतात व्हय? म्हटलं, असल्या मोठ्यांशी असंच.

*

मास्तर आले. घुंगरू बांधून जाळीतल्या बाकाच्या मधोमध बसले, हातात दूधभाकरीची वाटी. "राणी," एवढंच म्हणाले.

राणी उठून आली. त्यांचा हात हुंगलासुद्धा नाही. त्यांच्या शेजारी, बाकाच्या रिकाम्या टोकासमोर बसली, मान वर केली, शेपूट हलवू लागली.

मास्तरांनी वाटी हळूच त्या टोकाला ठेवली. राणीनं चाटूनपुसून साफ केली.

मग मास्तर बाकावर सरकले. आणखी एका माणसाला नीट बसता येईल, एवढे.