कापडाखालची नावं

भिवंडीत आजवर जेवढी माणसं बाहेरून आली, ती काहीतरी विणायला आली नाहीतर काहीतरी विकायला. मेलेल्यांची हजेरी घ्यायला आलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचा जर्मन. त्याला खरं नाव होतं, पण ते उच्चारताना आमच्या गल्लीतल्या भल्याभल्यांचे दात हलले. शेवटी सगळे त्याला ‘जर्मन’च म्हणू लागले. आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, हे त्याला कळलं तेव्हा त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “योग्य आहे. हलका, स्वस्त आणि पोचे आलेला.” मी त्याच्याबद्दल आजवर दहा ठिकाणी बोललो आहे आणि दहाही वेळा एक गोष्ट गाळली आहे. आता माझं वय झालं. ती गोष्ट सांगायलाच हा उद्योग.

तो तिकडच्या एका लहान गावातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. लढाईत त्याच्या गावचं चर्च जळलं, आणि त्याबरोबर जन्म, लग्न, मृत्यू लिहिलेल्या चर्चच्या सगळ्या वह्या. “माझे आजोबा माझ्यासमोर बसून पाव खात होते,” तो सांगायचा, “आणि कागदावर ते जन्मलेच नव्हते. मला फार वाईट वाटलं.” एवढ्याशा वाईट वाटण्यावर या माणसाने सबंध आयुष्य काढलं. चर्चच्या दप्तरखान्याच्या तळघरात पस्तीस वर्षं नोकरी, आणि चर्चच्या इतिहासावर तीन जाडजूड ग्रंथ. त्यातल्या एकाला अकरा वाचक लाभले, हे तो अभिमानाने सांगे. त्या अकरांना तो नावानिशी ओळखत होता. “लग्न केलं होतंत का?” असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, “एकदा. पण ती उजेडात राहणारी होती.”

त्या तळघरात त्याला कुणा पाद्र्याची पत्रं सापडली. हा पाद्री त्याच्याच गावचा. फार पूर्वी तो इकडे आला, भिवंडीत प्रार्थनामंदिर आणि लहानशी शाळा काढून राहिला आणि तापाने इथेच गेला. पत्रांत खाडीकडच्या दफनभूमीचा आणि तिच्या नोंदवहीचा उल्लेख होता. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. आमचा जर्मन त्या पत्रांचं दुसरं टोक बघायला भिवंडीला आला आणि आमच्या गल्लीत मागांच्या कारखान्यावर खोली घेऊन राहिला. खाली चोवीस तास लूम खटखटत असत. त्याला त्या आवाजात गाढ झोप लागे, शुक्रवारी लूम बंद राहिले की बिचारा दचकून जागा व्हायचा आणि खाली येऊन विचारायचा, “कोणी वारले काय?”

मराठी तो शिकून आला होता, पण त्या पाद्र्याच्या काळच्या व्याकरणावरून. पहिल्याच दिवशी तो रिक्षावाल्यासमोर टोपी काढून उभा राहिला. “सद्गृहस्था, आपण मजला कोनगावापावेतो न्याल काय?” रिक्षावाला आधी मागे वळून पाहू लागला, की सद्गृहस्थ कोण आलाय. मग म्हणाला, “बस बाबा, बस. पन मीटर न्हाय चालत, हां!” चार महिन्यांत भिवंडीने त्याची भाषा पार बिघडवली. एका हमालाला तो ठणकावताना मी स्वतः ऐकलंय, “ओ भाय, खालीपीली मम वेळ भक्षू नका.”

त्याच्या खोडी लिहायच्या तर रीम लागेल. कागद दिसला की तो वाचल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे. भेळ संपली की तो कागदाचा पुडा उलगडायचा, मांडीवर ठेवून हाताने सपाट करायचा आणि भेळवाल्याला विचारायचा, “याचा पूर्वार्ध कोठे आहे?” जुना कागद दिसला की त्याचा कोपरा जिभेला लावून तो कशाने चिकटवलाय ते सांगायचा. टाचणी आणि स्टेपल यांच्याशी त्याचं जन्माचं वैर. “लोखंडी डास!” असं म्हणून तो खिशातला बारीक चिमटा काढी आणि समोरचे कागद कुणाचे आहेत हे न पाहता मोकळे करी. तहसील कचेरीत एकदा साहेब पाणी प्यायला उठले तेवढ्यात याने तीन फायली मोकळ्या केल्या. वर पंखा फुल्ल. साहेब येऊन पाहतात तर सबंध तालुका हवेत.

पण सगळ्यात मोठी खोड रकान्यांची. कुठलाही रकाना रिकामा ठेवणं त्याला पाप वाटे. माहिती नसेल तर तो ‘माहीत नाही’ असं लिही, आणि खाली तारीख घाली. “रिकामा रकाना म्हणजे लिहिणारा झोपला, मेहताजी. ‘माहीत नाही’ म्हणजे लिहिणारा जागा होता.” मला तो मेहताजी म्हणे, कारण मी लूमच्या कारखान्यात मेहता होतो, म्हणजे शेठची सगळी लिखापढी करणारा. खोली मिळण्याआधीच्या लॉजच्या रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ या रकान्यात लोक ‘काम’ लिहितात. याने पाच ओळी लिहिल्या आणि समासातही गेला.

तो आला आणि सहाच महिन्यांत खाडीकडच्या त्या जमिनीवर गोदाम उठायची वेळ आली. शेजारची सगळी जमीन गोदामांखाली गेली होती. मधे ही एक चिंच, थोडं गवत आणि खचलेले चार दगड. गोदामवाल्यांचं म्हणणं, ही पडीक जागा, इथे कधी कुणाला पुरलंच नाही. आमच्याकडची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या वतीने भांडायला उभ्या राहिल्या त्या मार्थाबाई, ऐंशीला टेकलेल्या निवृत्त नर्स. निम्म्या भिवंडीला त्यांनी सुया टोचल्या होत्या, त्यामुळे निम्मी भिवंडी त्यांना अजून घाबरायची. तहसील कचेरीतले साहेब सज्जन होते. म्हणाले, “सिस्टर, मी नाही म्हणत नाही. पण कागद आणा. सोमवारी सुनावणी आहे.”

आणि कागद माझ्याकडे होता.

हीच ती गाळलेली गोष्ट. त्या सुनावणीच्या चाळीसहून जास्त वर्षं आधी पाद्र्याच्या त्या शाळेचे शेवटचे मास्तर गाव सोडून गेले. जाताना माझ्या हातात ती नोंदवही देऊन म्हणाले, “मेहता, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही सांभाळाल. कुणीतरी विचारत येईल.” मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. दोन वर्षं ती माझ्या ट्रंकेत राहिली. मग शेठने सांगितलं, व्यापाऱ्यांना दाखवायला नमुन्यांची वही कर, आपण विणतो त्या प्रत्येक कापडाचा तुकडा लाव, कागद असा हवा की व्यापाऱ्याने हात फिरवला पाहिजे. तसा कागद भिवंडीत एकाच ठिकाणी होता. जाड, विलायती, मलईसारखा. मी मेलेल्या माणसांच्या नावांवर पॉपलीन, चौकडी आणि मलमल चिकटवली, खाली सुबक अक्षरात कापडांची नावं घातली आणि शेठकडून शाबासकी घेतली.

जर्मनने आल्या आल्या मला विचारलं होतं, “मेहताजी, ती नोंदवही कोणी पाहिली काय?” मी म्हणालो, “छे, तसलं काही इथे नव्हतंच.” सहा महिने मी त्याच्याबरोबर तीच वही शोधत हिंडलो. अंबाडी गावच्या बाजारातल्या रद्दीवाल्यापर्यंत गेलो. तो थकायचा नाही. “आमच्याकडे एका चर्चच्या हरवलेल्या वह्या चपलेच्या तळव्यात सापडल्या,” तो म्हणायचा. “कागद मरत नाही, मेहताजी. तो नोकरी बदलतो.” मी घाम पुसायचो आणि तो मला ऊन लागलं असं समजून आपली छत्री माझ्यावर धरायचा.

सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी मी आणि जर्मन इकबालभाईच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. मार्थाबाई आल्या, बाकावर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मेहता, मी मेले की मला कुठं नेशील रे? गोदामात? कुठल्या रॅकवर ठेवशील?”

इकबालभाई म्हणाला, “सिस्टर, असं नको बोलू ना. चाय घे.”

“चहा घेते. पण माझं तीन दिवसांचं पोर आहे तिथं. दगड केव्हाच गेला. मला जागा माहितीय, पण माझ्या माहितीला विचारतो कोण?”

मी चहा तसाच ठेवून उठलो. वाटलं होतं सगळं सांगून टाकावं. जर्मनला म्हणालो ते एवढंच, “साहेब, आमच्या शेठच्या जुन्या कारखान्यात एक कपाट आहे. एकदा बघून घेऊ.” चावी अजून माझ्याकडेच होती. कपाट उघडलं आणि मी बाजूला उभा राहिलो, जणू मला काहीच माहीत नाही. जर्मनने नमुन्यांची वही काढली. पान उलटलं. कागद दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला. मग निळ्या चौकडीचा एक कोपरा जिभेला लावला आणि असा ओरडला, की पलीकडच्या कारखान्यात सुट्टीचा दिवस म्हणून झोपलेले कामगार उठून आले.

“खळ! मेहताजी, खळ! डिंक नाही, सरस नाही, खळ!”

लुमावर चढण्याआधी सुताला लावतात ती पिठाची खळ. मी चिकटवायला तीच वापरली होती, कारण ती फुकट होती. सरस वापरला असता तर सगळं संपलं असतं. खळीला वाफ लागली की ती हात सोडते.

त्या दुपारी इकबालभाईने टपरीवर चहा बंद ठेवला आणि नुसतं पाणी उकळत ठेवलं. हातात पांढरे सुती मोजे घातलेला जर्मन, किटलीच्या तोंडाशी एकेक पान, चिमट्याने हलकेच उचललेला एकेक तुकडा. पॉपलीनखालून निघाला एक सुतार, वय साठ. मलमलीखालून बाळंतपणात गेलेली बाई. पट्ट्यापट्ट्याच्या शर्टिंगखालून खुद्द तो पाद्री, ‘चिंचेच्या उत्तरेस, पहिली रांग’. प्रत्येक नाव जर्मन मोठ्याने वाचायचा आणि गर्दी ते परत म्हणायची. लूमवरचे उत्तरेकडचे कामगार बाकावर चढून मागच्यांना सांगत होते, “चचा, एक और निकला!” कुणी टाळ्या वाजवत होतं. एवढ्या वर्षांनी माणसं वर येत होती आणि भिवंडी त्यांचं लग्नाच्या वऱ्हाडासारखं स्वागत करत होती.

मग निळी चौकडी सुटली. जर्मनने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने ती वही मार्थाबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. “मार्थाचा मुलगा. वय तीन दिवस. चिंचेच्या पूर्वेस, भिंतीपासून दुसरा.” त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “दुसरा. मी सांगत होते ना, दुसरा!” आणि इकबालभाईवर खेकसल्या, “बघतोस काय? आता तरी चहा टाक!”

सोमवारी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी सगळी पानं स्वतः वाचली. गोदामवाल्यांच्या वकिलाने हातात तो निळा तुकडा घेऊन विचारलं, “हे कापड काय प्रकरण आहे?” जर्मन उभा राहिला. “न्यायप्रिय महाशय, या कापडाने चाळीस वर्षे या नावांवर ऊन पडू दिले नाही.” साहेब म्हणाले, “ते ठीक. पण हे चिकटवलं कोणी?” तेव्हा जर्मन माझ्याकडे वळला. नुसता थांबला. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. मग तो साहेबांकडे वळून म्हणाला, “साहेब, कृपया रांग तिसरी वाचावी.”

आम्ही जिंकलो. जागा दफनभूमीच ठरली. तिला कुंपण आलं, फाटक आलं, आणि पाद्र्याला नवा दगड. फाटकाच्या दिवशी मोठा समारंभ झाला. मार्थाबाई नव्या साडीत फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होत्या, “या, बघून घ्या. पण घाई नको, मलाही नाहीये.” जर्मनला शाल दिली. त्याने तिचं सूत मोजायला घेतलं. मग मलाही शाल दिली, ‘नोंदवही जपणारे मेहताजी’ म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जर्मननेही वाजवल्या. मी ती शाल घेतली, आणि ती आजवर एकदाही पांघरलेली नाही.

जाताना त्याने मला दोन गोष्टी दिल्या, चिमटा आणि छत्री. म्हणाला, “पत्र लिहा. तुमचे अक्षर मला फार आवडते. तुमचा ‘ळ’ खाली जातो आणि मग मागे वळून बघतो.” मी हसलो. गाडी निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. नमुन्यांच्या पानापानावर, तुकड्यांखाली तोच ‘ळ’ होता. निळी, जांभळी, पिवळी. आणि हा माणूस पस्तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं ओळखून जेवत होता. कपाटासमोर त्याने पहिलं पान उलटलं, त्याच क्षणी त्याला सगळं कळलं असणार.

मागच्या वर्षी तो गेला. त्याच्या पुतणीने एक पाकीट पाठवलं. त्यात त्याने हाताने केलेली त्या नोंदवहीची यादी होती, मराठीत. किती पानं, कोणती शाई, कुठे डाग, कुठे कसर. ‘वही कोठे बांधली’ यापुढे लिहिलं होतं, ‘माहीत नाही’, आणि खाली तारीख. फक्त एक रकाना कोरा होता. ‘कापड कोणी चिकटविले’. तिथे ‘माहीत नाही’ही नव्हतं.

मी यादी घेऊन मार्थाबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी यादी चष्म्याजवळ धरून वाचली. शेवटी म्हणाल्या, “मेहता, तू शुद्ध गाढव आहेस. सरस लावला असतास तर तुला आज सुई टोचली असती.” आणि टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. “लिही. बिचारा वाट बघत असेल.”

मी माझं नाव लिहिलं आणि खाली तारीख घातली. रकाना अरुंद आहे. नाव मावलं, बाकीचं मावेना, म्हणून ते इथे लिहिलं.