नावापुढची खूण

इस्पितळात त्याला सगळे खुंट्या म्हणत. एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत ठाण मांडून बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? रक्तपेढीच्या साऱ्या नोंदी ज्या मशीनमध्ये होत्या ते त्याच्या ताब्यात होतं, आणि ते सुरू कसं होतं हे त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. त्यानं ते ठाऊक होऊच दिलं नव्हतं.

गोष्ट तशी साधी. मशीनची डिस्क समोरच्या इमारतीत होती. मशीन चालू केलं की आधी एक छोटा प्रोग्रॅम उठायचा, तारेवरून ती डिस्क धरून ठेवायचा, आणि मग मुख्य सिस्टिम जागी व्हायची. जागी होताच ती आपल्याआधी उठलेल्या सगळ्यांना बंद करायची. डिस्क धरणाराच गेला तर आपण उभं कशावर राहणार, एवढी अक्कल तिला नव्हती. ज्याच्या नावापुढे ई-मेलच्या पत्त्यात असते ती ॲटची खूण असेल, तेवढ्याला मात्र ती हात लावत नसे. खुंट्यानं ती खूण लावून ठेवली होती. ती कशासाठी, हे शेजारी लिहिलं नव्हतं, आणि तेही मुद्दाम. लिहिलं असतं तर त्याच्यावाचून कोणाचं अडलं असतं?

ही मेख त्यानं फक्त ताईला सांगितली होती, मोठ्या फुशारकीनं. आईच्या माघारी ताईनंच त्याला वाढवलं. तिला लहानपणापासून रक्त चढवावं लागे, आणि इतकं चढवून झालं होतं की आता नुसता गट जुळून भागत नसे. तिला कोणती पिशवी चालेल याची यादी त्याच मशीनमध्ये होती.

"आणि तू नसलास तर?" ताईनं विचारलं होतं.

"फोन करतील की," तो हसला होता.

पुढे नवे साहेब आले आणि जुन्या माणसांना नारळ मिळाला. खुंट्याची मेख काही कामी आली नाही, कारण ती आहे हेच साहेबांना माहीत नव्हतं. त्याच्या जागी आलेली मुलगी हुशार होती, नीटनेटकी होती. तिनं सगळ्या फाइली झाडूनपुसून लख्ख केल्या. नंतर चार महिने मशीन बंद करायची वेळच आली नाही.

पाचव्या महिन्यात ताईला तिथेच दाखल केलं. सकाळी दहाच्या सुमाराला तिच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला. नर्स रक्तपेढीतून हात हलवत परत आली. विजेच्या कामासाठी मशीन बंद केलं होतं, ते आता अर्ध्यावर येऊन अडकतंय, यादी उघडत नाही, नव्यानं रक्त जुळवायला तीन तास लागतील, असं म्हणाली. खुंट्या जिना धडाधडा उतरला. त्याचं कार्ड दाराला चालेना, तेव्हा त्यानं दार बडवलं.

स्क्रीन पाहताच त्याच्या लक्षात आलं. "नावापुढची खूण कुठाय?"

"ती चुकून पडलीय असं वाटलं, म्हणून काढली," मुलगी म्हणाली. "शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं."

तिच्यावर ओरडायला त्याला तोंड नव्हतं. पेन ड्राइव्हवरून मशीन उठवून त्यानं खूण परत लावली. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. चाळीस मिनिटं गेली. शेवटी यादी उघडली. ताईला चालतील अशा दोन पिशव्या शेजारच्याच फ्रिजमध्ये होत्या, सकाळपासून. त्या घेऊन रक्तपेढीतला माणूस वर पळाला. आपल्या फोन नंबरची चिठ्ठी मुलीच्या हातात कोंबून खुंट्याही त्याच्यामागे निघाला.

तो वॉर्डात पोचला तेव्हा नर्स त्या दोन्ही पिशव्या, न उघडलेल्या, परत ट्रेमध्ये ठेवत होती. ताईच्या तोंडावर चादर ओढलेली होती. आपणच मारलं हिला, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं, आणि तसं नाही म्हणून सांगणारी एक ताईच होती, तीच गेली होती.

खिशातला फोन वाजला. नोकरी गेल्यापासून इस्पितळातून आलेला हा पहिलाच. मशीन आता व्यवस्थित चाललंय, असं मुलगी सांगत होती. मग अदबीनं म्हणाली, "सर, त्या खुणेच्या शेजारी काय लिहू?"

त्यानं ताईच्या पायांवरची चादर सारखी केली. मग एकेक शब्द सावकाश सांगितला, आणि तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला.